पाठवणाऱ्याची प्रत

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी फायली बांधायच्या दोन पांढऱ्या दोऱ्या असत. टोकांना पत्र्याच्या बारीक पट्ट्या असलेल्या, सरकारी कचेऱ्यांत सर्रास दिसतात तशा. नोएडातल्या आमच्या ऑफिसात कागद जवळजवळ नव्हताच, त्यामुळे त्या दोऱ्यांना काही काम नव्हतं. तरी सकाळी खुर्चीत बसण्याआधी ते खिसा चाचपून त्या जागेवर आहेत ना ते बघत, आणि मगच कॉम्प्युटर सुरू करत.

मी त्यांना सर म्हणायचे. बाकीची मुलं अंकलजी म्हणायची. ते मला ऑफिसात ‘आप’ म्हणत, मेट्रो स्टेशनपर्यंत सोबत चालत जाताना ‘तुम्ही’ आणि मयूर विहारच्या त्यांच्या घरी ‘तू’. ऑफिसात आम्ही दोघं मराठी असूनही ते माझ्याशी हिंदीतच बोलत. “दोन माणसं तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागली की तिसऱ्याला वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय,” असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तेही ऑफिसच्या फाटकाबाहेर आल्यावर, मराठीत.

आमचं काम होतं तक्रारींना उत्तरं देण्याचं. फोटो पाठवायचं एक अ‍ॅप होतं. त्यावर पाठवलेला फोटो समोरच्याने बघितला की काही सेकंदांत नाहीसा होई. लिहिलेला मजकूरही वाचून बाहेर पडलं की पुसला जाई. मात्र मजकुरावर बोट दाबून धरलं की तो राहत असे, दोघांच्याही फोनवर, राखाडी पट्टीत. या अ‍ॅपचे भारतातले हिंदी आणि मराठी मेल आमच्याकडे येत. पानटपरीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे लिहीत, आणि निम्म्याहून अधिक लोकांचा प्रश्न एकच असे: पाठवलेलं परत कसं घ्यायचं, आणि आलेलं कायमचं कसं काढायचं?

उत्तर सोपं होतं. तुम्ही पाठवलेला मजकूर तुम्ही काढलात तर तो दोन्हीकडून जातो. त्या जागी फक्त ‘अमुक यांनी एक संदेश हटवला’ एवढी ओळ उरते. तुम्हाला आलेला आणि पाठवणाऱ्याने धरून ठेवलेला मजकूर तुम्हाला काढता येत नाही. तो पाठवणाऱ्यानेच काढायचा. हे उत्तर मी दिवसातून तीस-चाळीस वेळा लिहीत असे.

आमचं लिहिलेलं उत्तर बाहेर जाण्याआधी ते तपासत आणि त्याला शंभरपैकी गुण देत. दिल्लीतल्या एका मंत्रालयात ते स्टेनो म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. साहेब बोलणार, हे लिहून घेणार, टाइप करणार, एक प्रत जाणार, एक प्रत फायलीत राहणार, असं सगळं आयुष्य. निवृत्तीनंतर त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून आमच्या कंपनीत अर्ज केला. कंपनीला शुद्ध हिंदी आणि मराठी लिहिणारा माणूस हवा होता. मुलाखतीला त्यांनी अर्जाच्या तीन प्रती नेल्या होत्या. मुलाखत घेणारीने एकही घेतली नाही, सगळं ऑनलाइन होतं. त्या तिन्ही प्रती त्यांनी घरी आणून तीन वेगवेगळ्या फायलींत लावल्या.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावातून आलेली. वडील पिठाची गिरणी चालवायचे. आमच्या घरात कॉलेज संपवणारी मी पहिलीच. पुढच्या शिक्षणासाठी दिल्लीला आले, मुनिरकात खोली घेतली, शिक्षण संपलं तरी खोली सोडली नाही, आणि ही नोकरी लागली. मला वाटायचं की मला छान लिहिता येतं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं होतं. माझं पहिलं उत्तर त्यांनी परत पाठवलं आणि स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“आपने लिखा है, ‘आपकी परेशानी हम भली-भाँति समझते हैं.’ आप समझती हैं?”

“जी?”

“इनकी परेशानी. समझती हैं?”

“थोड़ी-बहुत, सर.”

“तो थोड़ी-बहुत लिखिए. या मत लिखिए. पहला वाक्य जवाब होना चाहिए. आदमी घबराया हुआ बैठा है और आप उसे निबंध सुना रही हैं.”

पहिलं वाक्य हेच उत्तर असावं, ही सवय मला तेव्हापासून लागली. आजही मी पत्र लिहिताना आधी उत्तर लिहिते आणि नमस्कार नंतर वर घालते.

आमचा टीम लीडर करोल बागेतला, सव्वीस वर्षांचा, हसतमुख मुलगा होता. तो त्यांना छेडायचा. “अंकलजी, ये दस सेकंड वाला ऐप है और आपकी फ़ाइल दस साल वाली. आपको यहाँ भेजा किसने?”

“जिसने भेजा, उसकी चिट्ठी मेरे पास है,” ते म्हणायचे. “निकालूँ?”

आणि खरोखर काढायचे. नेमणुकीच्या मेलची छापील प्रत त्यांच्या बॅगेत असायची.

पण त्या अ‍ॅपचा तो एक नियम त्यांना मनापासून पटला होता. ज्याने लिहिलं त्यालाच काढायचा अधिकार. “प्रायव्हेटवाल्यांनी इतक्या वर्षांत एक नियम अकलेने केला,” ते मला चालता चालता म्हणाले होते. “आलेलं पत्र फाडायचा आपल्याला हक्क नाही. ते दुसऱ्याचं बोलणं असतं. आपण फक्त ते जपायचं.” ते बोलत असताना मधे बोललेलं त्यांना आवडत नसे, कारण त्यांच्या मनात बहुधा ते सगळं लिहून घेणं चाललेलं असे.

त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सांगायला हवं. माझ्या कॉलेजने पदवीचं प्रमाणपत्र अडकवून ठेवलं होतं. वडील दोनदा जाऊन आले, कारकुनाने दोनदा उद्या या म्हणून सांगितलं. वडील परत गेले नाहीत; त्यांना कचेरीच्या पायऱ्या चढायचाच संकोच वाटायचा. मी हे सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि अर्ज सांगितला. पंधरा दिवसांनी पहिलं स्मरणपत्र, आणखी पंधरा दिवसांनी दुसरं. प्रत्येकात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. कुठेही विनवणी नाही, कुठेही चढा आवाज नाही. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टाने घरी आलं. वडिलांनी ते गिरणीत पिठाच्या हातांनी घेतलं, त्याचे ठसे अजून कोपऱ्यात आहेत. आमच्या घरातलं पहिलं पदवी प्रमाणपत्र त्या माणसाच्या तिसऱ्या स्मरणपत्रावर आलं, हे मी विसरणं शक्य नाही. म्हणून पुढचं लिहिताना मला थोडं जड जातं.

प्रमाणपत्र आल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. रविवार होता. ते नगरकडचे ख्रिस्ती, मयूर विहारमध्ये एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दोघंच होती. काकू शाळेत शिक्षिका होत्या, त्याही निवृत्त झालेल्या. दोघं नुकतीच चर्चहून आली होती. काकूंनी मला लगेच जेवायला बसवलं. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, तेही अगदी जवळ जवळ, कारण टेबल लहान होतं.

“ह्यांना विचार, पोळी हवी का,” काकू मला म्हणाल्या.

ते माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी गोंधळून त्यांच्याकडे बघितलं. “सर, पोळी?”

“अर्धी.”

“काकू, अर्धी म्हणतायत.”

“ऐकलं,” काकू म्हणाल्या आणि अर्धी पोळी मोडून माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्या ताटात वाढली.

मला वाटलं, आज सकाळीच काही बिनसलं असेल. ते बिनसून तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. फक्त रविवारी चर्चमध्ये एक वेळ अशी येई की पाद्री सगळ्यांना शेजाऱ्याला शांती द्यायला सांगत. तेव्हा ही दोघं एकमेकांकडे वळत, हात हातात घेत आणि ‘प्रभु की शांति’ म्हणत. हे काकूंनीच मला सांगितलं. “आठवड्यातून एकदा बोलतो की,” त्या म्हणाल्या. “पाद्रीसाहेबांच्या हुकमाने.”

त्यानंतर मी बहुतेक रविवारी जायला लागले. मुनिरकातल्या खोलीत रविवार जात नसे, आणि त्या घरात मी दोघांच्या उपयोगाची होते. मधलं माणूस असलं की त्यांची कामं भराभर होत. विजेच्या दुरुस्तीवाल्याला बोलवायचं, गावी पत्र लिहायचं, मोतीबिंदूच्या डॉक्टरकडे कधी जायचं, असे साठलेले प्रश्न दोघं माझ्यासाठी ठेवत.

कारण मला पुढे कळलं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात सरांनी घराच्या फायली लावल्या. तोवर काकू शाळेत आणि हे मंत्रालयात, वेळा वेगळ्या, त्यामुळे फ्रिजवर चिठ्ठ्या ठेवायची दोघांची जुनी पद्धत होती. दूध घ्या, गॅसवाला येईल, मला उशीर होईल. काकू चिठ्ठी वाचून फेकत. हे न फेकता ठेवत आले होते. वर्षानुवर्षांच्या त्या चिठ्ठ्या त्यांनी भोक पाडून, दोरी ओवून, पानांवर क्रमांक घालून एका फायलीत लावल्या. फायलीवर लिहिलं: ‘घरगुती, सामान्य.’

मग एकदा दोघांचं भांडण झालं. अगदी साधं, पाहुण्यांच्या खोलीवरून. बोलता बोलता काकू म्हणाल्या, “मी कधी तुमच्या माणसांना नाही म्हटलंय का?” हे उठले, फाइल आणली आणि पान काढलं. फार वर्षांपूर्वीची काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: ‘आईंना आत्ता इथे आणू नका. मला जमणार नाही.’ परीक्षांचे दिवस होते, दोन वर्गांचे पेपर तपासायचे होते, घाईत लिहिलेल्या दोन ओळी. आईंना त्या वेळी आणलं नाही. नंतर आणायची वेळच आली नाही. त्या गावीच वारल्या.

“पान एकशे बारा,” काकू मला म्हणाल्या. आम्ही दोघी बाल्कनीत मेथी निवडत होतो. “मला पाठ आहे. अगं, ह्यांना मला दुखवायचं नव्हतं, ते मला ठाऊक आहे. ह्यांना फक्त दाखवायचं होतं की मी म्हटलं होतं. बरोबरच होतं, म्हटलंच होतं मी. पण त्या दिवसापासून मला तोंड उघडायची भीतीच बसली बघ. काय बोलेन ते कुठल्या पानावर लागेल, सांगता येत नाही.”

सरांनी ती फाइल पुढे जाळली की ठेवली, मला माहीत नाही. पण काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं आणि त्यांना लिहिणं दोन्ही बंद केलं.

आमच्या कंपनीत लागल्यावर त्यांनी अ‍ॅप नीट समजून घेतलं आणि एका रविवारी मला म्हणाले, “हिला सांग, यावर लिहिलेलं राहत नाही.”

“कोण म्हणतं?” काकूंनी मला विचारलं.

“कंपनी म्हणते,” ते माझ्याकडे बघून म्हणाले.

“कंपनीला काय जातंय म्हणायला!”

काकूंनी दोन आठवडे घेतले. मग एका रविवारी त्यांनी स्वतःहून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “घाल ते काय असेल ते.” अट एकच. ‘काही ठेवायचं नाही. ना माझं, ना त्यांचं.’ ती अट मी दोन्ही बाजूंना म्हणून दाखवली. ते म्हणाले, “मंजूर.”

पुढचे काही महिने त्या घरात वेगळेच गेले. ते बाल्कनीत, काकू स्वयंपाकघरात, दोघांची डोकी फोनात. मला पोळी विचारायचं काम उरलं नाही. एकदा त्यांनी उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्याचा फोटो पाठवला आणि आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. तो ऐकून ते बाल्कनीत उभेच राहिले. मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं केलं.

मग काकूंच्या लक्षात आलं की फोनवर राखाडी पट्ट्या साठतायत. सगळ्या ह्यांच्या मजकुराच्या. काकूंच्या एकाही अक्षराला त्यांनी हात लावला नव्हता, पण स्वतःचं एकूण एक लिहिलेलं दाबून धरून ठेवलं होतं. काकूंनी विचारलं तर त्यांनी लिहिलं: ‘पाठवलेल्या पत्राची कार्यालयीन प्रत ठेवणे हा पाठवणाऱ्याचा हक्क आहे.’ आणि हेसुद्धा ठेवलं.

काकूंनी त्यानंतर त्या अ‍ॅपवर एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला नगरला जायचं ठरल्याचं सांगितलं. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी होती. महिनाअखेरचं आरक्षण, जायचंच फक्त. “कायमची का, काकू?” मी विचारलं. “तिथे मला घरभर बोलता येतं,” त्या म्हणाल्या. सरांना हे सांगायचं काम त्यांनी मला दिलं नाही. मीही मागितलं नाही.

आणि मग त्या बुधवारी तो मेल आला. सरळ, शाळेतल्या बाईंच्या हिंदीत लिहिलेला.

‘महोदय, मैंने जो संदेश भेजे थे वे चले गए, उनकी कोई शिकायत नहीं. जो मुझे आए हैं वे नहीं जाते. भेजने वाला उन्हें रोककर रखता है. उन्हें दोनों ओर से कैसे हटाया जाए? भेजने वाला घर में ही है. मुझे माह के अंत में जाना है, उससे पहले सब साफ़ करना चाहती हूँ.’

खाली काकूंचं पूर्ण नाव.

ओळखीच्या माणसाचा मेल आला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. मी तो दिला नाही. दुसऱ्या कुणी उत्तर लिहिलं असतं तर त्याने आधी दोन ओळी सांत्वन लिहिलं असतं, हे मला नको होतं. मी लिहिलं: ‘ये संदेश केवल भेजने वाला ही हटा सकता है. आपकी ओर से हटाने का कोई उपाय नहीं है.’ खाली पाठवणाऱ्याने काय काय दाबायचं त्याच्या पायऱ्या लिहिल्या, आणि तपासणीला पाठवलं.

त्यांचं टेबल माझ्या समोरच्या रांगेत होतं. त्यांनी ते उघडल्याचं मला त्यांच्या मानेवरून कळलं. बराच वेळ त्यांनी काही केलं नाही. टीम लीडर मागून जाताना म्हणाला, “अंकलजी, सो गए क्या?” ते म्हणाले, “पढ़ रहा हूँ.” मग माझ्याकडे ते परत आलं. शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन गुण कापले होते, कारण पायऱ्यांमध्ये मी ‘कृपया’ दोनदा लिहिलं होतं. शेऱ्याच्या जागी: ‘उत्तर सही है. भेजा जाए.’

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे स्टेशनकडे निघालो.

“जायचं म्हणजे कुठे?” त्यांनी विचारलं.

“नगरला. त्यांच्या ताईंकडे.”

“किती दिवस?”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर पहिल्या वाक्यात द्यायचं त्यांनीच शिकवलं होतं, पण मला ते जमलं नाही. त्यांना कळलं.

“मी फक्त माझंच ठेवलं,” ते म्हणाले. “तिचं एक अक्षर नाही. तुम्ही बघा.” त्यांनी फोन काढून मला दिला. मी चालता चालता वर वर बोट सरकवत गेले. दूध तापवले. गॅस बंद केला. तुझा चष्मा फ्रिजवर आहे. डॉक्टर गुरुवारी. तुझा चष्मा परत फ्रिजवर आहे. आणि मधे मधे, वेगवेगळ्या महिन्यांत, तीनदा तेच: ‘सदर चिठ्ठी मी पुढे करावयास नको होती. दिलगीर आहे.’

“हे दहा सेकंदांत गेलं असतं,” ते म्हणाले. “मग मी माफी मागितली याला पुरावा काय?”

“काकूंना पुरावा नकोय, सर.”

“मग काय हवंय?”

“ते मला नाही माहीत. पण पुढच्या भांडणात तुम्ही हेच काढून दाखवाल, माफी मागितली होती, अमुक तारखेला, असं त्यांना वाटत असेल.”

मी त्यांच्याशी इतकं लांब वाक्य कधी बोलले नव्हते. ते थांबले. फोन माझ्या हातातून घेतला, त्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दाखवलं असतं.” मग थोडं चालल्यावर, “तीनही तारखा दाखवल्या असत्या.”

स्टेशनावर तपासणीच्या पट्ट्यावर त्यांनी बॅग ठेवली, पलीकडून उचलली आणि नेहमीसारखं माझ्यासाठी न थांबता जिना चढून गेले.

रविवारी मी गेले तेव्हा दोघं चर्चहून आली होती. काकूंची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, अजून चार दिवस असताना. काकू स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. एका शेगडीवर कुकर चढवलेला. सर बाल्कनीत वेताच्या बुटक्या मोड्यावर, चष्मा नाकाच्या टोकाला, फोन डोळ्यांजवळ. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. एक बोट दाबून धरायचं, मग ‘हटवा’, मग ‘नक्की?’, मग ‘हो’. त्या वेळी एकदम सगळं काढायची सोय त्या अ‍ॅपवर नव्हती. एकेक करूनच काढावं लागे, आणि ते काढण्याआधी प्रत्येक वाचत होते.

काकूंचा फोन ओट्याच्या बाजूला पडला होता. तो वाजायला लागला. काकूंनी दोनदा दुर्लक्ष केलं, मग हात पुसून उघडला. ‘यांनी एक संदेश हटवला.’ खाली तेच. खाली परत तेच. एकेक राखाडी पट्टी जायची आणि तिच्या जागी तीच ओळ यायची.

“हे काय करतायत?” काकूंनी मला हळूच विचारलं.

“काढतायत.”

“कुणाचं?”

“स्वतःचं.”

काकूंनी फोन ताटलीला टेकून उभा ठेवला आणि बघत बघत मटार सोलायला लागल्या. मीही सोलू लागले. तासाभराहून जास्त वेळ गेला. मधे एकदा त्या म्हणाल्या, “चष्म्याचा गेला बघ.” पुन्हा थोड्या वेळाने, “परत चष्म्याचाच. किती वेळा सांगायचे!”

मग फोन वाजायचा थांबला. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात फोन तसाच धरलेला.

“आता तीनच राहिले,” ते मला म्हणाले. “हिला विचार, ठेवू का.”

कोणते तीन, ते मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“सर, हे मी नाही विचारणार,” मी म्हटलं.

ते दारातच उभे राहिले. बोट दाबून धरलं. ओट्यावरचा फोन वाजला. परत वाजला. तिसऱ्याला वेळ लागला. मग तोही वाजला.

“सांग हिला,” ते म्हणाले. “माझ्याकडे आता काही नाही.”

काकूंनी मांडीवरचं मटाराचं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आणि त्यांच्याकडे, माझ्याकडे नव्हे, बघून म्हणाल्या, “मग आता तोंडाने म्हणा.”

त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याचं सांगितलेलं लिहून घेतलेल्या माणसाला कुणीतरी उभं करून म्हटलं होतं, तू सांग. त्यांनी घसा साफ केला.

“सदर चिठ्ठी—”

“सदर नको,” काकू म्हणाल्या.

ते थांबले. परत तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. लांब, पूर्ण. त्यांचे ओठ हलत होते, शिट्टी थांबली तेव्हा त्यांचं वाक्य संपलेलं होतं.

“काय म्हणालात?” काकूंनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही ऐकू आलं नव्हतं, खरोखरच. मी नाही म्हणून मान हलवली. ते पुढे झाले, शेगडी बंद केली आणि काकूंच्या जवळ स्टूल ओढून बसले. मी टरफलांची परात उचलली आणि बाल्कनीत निघून आले. आत बोलणं चाललं होतं. आधी त्यांचं, तुटक. मग काकूंचं, बरंच, आणि चढ्या आवाजात. मग त्यांचं. मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि काकू म्हणाल्या, “ते राहू द्या, मी उचलते.”

बऱ्याच वेळाने ते बाल्कनीत आले. फोन कानाला होता. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते कठड्याला टेकून मोठ्याने बोलत होते, नगरला, काकूंच्या बहिणीशी.

“हां ताई, मीच बोलतोय. नाही, येतेय ती, येतेय. पण पंधराच दिवस. परतीचं आरक्षण मी करतो… नाही, हिनेच सांगितलं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“तोंडी,” ते म्हणाले.